रूट केलेल्या अँड्रॉइड फोनसाठी स्वतःचे बूट ॲनिमेशन तयार करण्याची पद्धत

फोन सुरू होताना पडद्यावर जे चलचित्र दिसते, तो व्हिडिओ नसतो. ती पीएनजी चित्रांची एक मालिका असते, तिच्या जोडीला चार-पाच ओळींची एक मजकूर फाइल असते, आणि हे सर्व एका झिप फाइलमध्ये बांधलेले असते. फोनमधील ‘बूटॲनिमेशन’ नावाचा छोटा प्रोग्राम ही झिप उघडतो, मजकूर फाइलमधील सूचना वाचतो आणि ओपनजीएल ईएस या चित्रे रंगवण्याच्या प्रणालीच्या साहाय्याने एकेक चित्र पडद्यावर रंगवतो. हा प्रोग्राम अतिशय साधा आणि तितकाच काटेकोर आहे. त्याला काय वाचता येते आणि काय येत नाही, हे नीट समजून घेतले, तर पुढील बहुतेक अडचणी उद्भवतच नाहीत. इंटरनेटवरून तयार झिप उतरवून फोनमध्ये टाकण्यापेक्षा ही रचना समजून घेऊन स्वतःचे ॲनिमेशन तयार करणे अधिक समाधान देणारे आहे, आणि माझ्या मते अधिक सुरक्षितही आहे.

येथे असे गृहीत धरले आहे की फोनचा बूटलोडर (फोन सुरू होताना सर्वप्रथम चालणारा प्रोग्राम) आधीच अनलॉक केलेला आहे, मॅजिस्क या साधनाद्वारे रूट, म्हणजे सिस्टिमवरचे पूर्ण अधिकार, मिळवलेले आहे आणि संगणकावर एडीबी (संगणकावरून फोनला कमांड देण्याचे साधन) चालू स्थितीत आहे. फाइलींची नावे, फोल्डर आणि कमांड येथे देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्ष काम करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप कराव्यात.

कोणते चित्र बदलता येते आणि कोणते नाही

पॉवरचे बटण दाबल्यावर प्रथम दिसते ते उत्पादकाचे स्थिर बोधचिन्ह, आणि अनलॉक केलेल्या फोनवर त्याच्याआधी किंवा नंतर येणारी सावधानतेची सूचना. या दोन्ही गोष्टी बूटलोडर दाखवतो. त्या वेगळ्या पार्टिशनमध्ये, म्हणजे साठवणुकीच्या स्वतंत्र कप्प्यात, असतात आणि तेथे चुकीचे काही लिहिले गेल्यास फोन कायमचा बंद पडू शकतो, म्हणून त्यांना हात लावू नये. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, सुरू झाल्यानंतर सरफेसफ्लिंगर ही पडद्याची सेवा जागी होते, ती बूट ॲनिमेशन सुरू करते आणि तेथून कुलूपपडदा (लॉक स्क्रीन) येईपर्यंतचा काळ आपल्या हाती असतो.

हा काळ किती असेल, हे आधी सांगता येत नाही. एखाद्या दिवशी तो अर्ध्या मिनिटाचा असतो, तर सिस्टिम अपडेटनंतरच्या पहिल्या सुरुवातीला कित्येक मिनिटांचा. त्यामुळे ठरावीक लांबीची चित्रफीत तयार करून भागत नाही. मधला एक भाग असा असावा लागतो की तो कितीही वेळा फिरला, तरी सांधा दिसू नये. या एका अटीकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच बहुतेक हौशी ॲनिमेशने दर दोन सेकंदांनी अडखळताना दिसतात.

मूळ फाइल शोधणे

अँड्रॉइडच्या मूळ स्रोतसंहितेत या प्रोग्रामची शोधण्याची जागा ठरलेली आहे. अँड्रॉइड १० आणि त्यानंतरच्या काळात तो आधी एपेक्स (सिस्टिमच्या भागांचे स्वतंत्र पॅकेज) मधील बूटॲनिमेशन, मग प्रॉडक्ट पार्टिशनमधील मीडिया फोल्डर, त्यानंतर ओईएम (उत्पादकाचे पार्टिशन) आणि शेवटी सिस्टिममधील मीडिया फोल्डर या क्रमाने पाहतो आणि जेथे पहिली झिप सापडेल, तेथेच थांबतो. प्रॉडक्टमध्ये बहुधा ‘बूटॲनिमेशन.झिप’ आणि तिच्याच शेजारी ‘बूटॲनिमेशन-डार्क.झिप’ अशा दोन फाइली आढळतात. बूटलोडरने गडद थीम कळवली असेल, तर दुसरी वापरली जाते. आपण पहिलीच बदलली आणि फोन गडद थीमवर असला, तर काहीच बदल झालेला दिसणार नाही. म्हणून दोन्ही जागी आपली फाइल ठेवणे इष्ट. कोठेच झिप सापडली नाही, तर अँड्रॉइड ही अक्षरे चमकवणारे अंगभूत चित्र दिसते. चाचणीच्या वेळी ही अक्षरे दिसली, तर झिप मिळाली नाही किंवा उघडता आली नाही, असे समजावे.

सॅमसंगच्या फोनचा प्रश्न वेगळा आहे. तेथे झिपऐवजी क्यूएमजी या स्वरूपातील फाइली असतात आणि येथील पद्धत जशीच्या तशी लागू पडत नाही. अन्य काही उत्पादकही स्वतःच्या खास पार्टिशनमध्ये ही फाइल ठेवतात. म्हणून अंदाज न बांधता, एडीबी शेलमध्ये रूट मिळवून फाइंड कमांडने ‘बूटॲनिमेशन’पासून सुरू होणारी प्रत्येक झिप शोधावी, जी मिळेल ती संगणकावर उतरवून घ्यावी आणि तिची एक प्रत निराळी जपून ठेवावी. ही मूळ झिप उघडून पाहणे हाच उत्तम अभ्यास आहे, कारण उत्पादकाने कोणती लांबी-रुंदी, कोणती गती आणि किती भाग वापरले, हे तिच्यातील मजकूर फाइल उघडताच समोर येते.

चित्रे आखणे: तारप्याचे उदाहरण

उदाहरणासाठी वारली चित्रांतील तारपा नाच घेऊ. पालघर जिल्ह्यातील वारली घरांच्या गेरूने सारवलेल्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने काढलेला हा नाच सर्वांच्या ओळखीचा आहे: मध्यभागी तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती हातात हात गुंफलेली स्त्री-पुरुषांची साखळी. बूट ॲनिमेशनसाठी हा विषय फार सोयीचा आहे. रंग दोनच असल्याने पीएनजी फाइली लहान राहतात, आणि वर्तुळाकार गतीत सुरुवात-शेवट शोधावा लागत नाही. मात्र पारंपरिक चित्रातली साखळी बहुधा उघडी आणि सर्पिल असते, तिचे एक टोक आत वळलेले असते. ती फिरवली की सांधा दिसतो. म्हणून येथे बंद वर्तुळ घ्यावे लागते. तसेच एखाद्या वारली कलाकाराचे चित्र उचलून न वापरता आकृत्या स्वतः काढाव्यात.

वर्तुळात २४ आकृत्या घेऊ, एकाआड एक स्त्री आणि पुरुष. म्हणजे १२ जोड्या झाल्या आणि प्रत्येक जोडीच्या वाट्याला ३० अंश आले. वर्तुळ ३० अंशांनी फिरले की पहिली जोडी बरोबर दुसरीच्या जागी येते आणि चित्र मूळ चित्रासारखेच दिसते. त्यामुळे पूर्ण ३६० अंशांची चित्रे काढण्याची गरजच उरत नाही. दर फ्रेमला एक अंश याप्रमाणे शून्य ते २९ अंशांच्या ३० फ्रेम पुरतात. सेकंदाला ३० फ्रेम या गतीने एक फेरी एका सेकंदात संपते आणि पाहणाऱ्याला मात्र १२ सेकंदांत पूर्ण वर्तुळ फिरल्याचा भास होतो. येथे एक काळजी घ्यावी: तिसाव्या अंशाची फ्रेम काढू नये. ती पहिल्या फ्रेमची नक्कलच असते आणि ती ठेवली, तर दर सेकंदाला नाच क्षणभर थबकल्यासारखा वाटतो.

फ्रेम इतक्या मोजूनमापून घेण्याचे कारण केवळ श्रम वाचवणे हे नाही. जो भाग पुन्हा पुन्हा फिरतो, त्याची सर्व चित्रे हा प्रोग्राम मेमरीमध्ये उघडून ठेवतो, आणि तेथे पीएनजीचा लहानपणा कामाला येत नाही. उघडलेल्या चित्राचा प्रत्येक बिंदू चार बाइट घेतो. १०८० बाय २४०० आकाराची एक फ्रेम अशा रीतीने सुमारे १० एमबी व्यापते. तशा ९० फ्रेमचा फिरता भाग केला, तर फोन अजून पुरता जागाही झालेला नसताना ९०० एमबीहून अधिक मेमरी अडते. त्याउलट ७२० बाय ७२० ची फ्रेम सुमारे २ एमबीची असते, आणि आपल्या ३० फ्रेम साधारण ६२ एमबीमध्ये बसतात. प्रोग्राम चित्र पडद्याच्या मध्यभागी मांडतो आणि उरलेली जागा आपण सांगू त्या रंगाने भरतो. त्यामुळे संपूर्ण पडद्याएवढी चित्रे काढण्याचा सोस सोडून द्यावा. पार्श्वभूमीचा गेरू रंग चित्रात आणि मजकूर फाइलमध्ये तंतोतंत एकच असला, की चौकोनाच्या कडा कोठेच दिसत नाहीत. चित्रात पारदर्शकता ठेवू नये, गेरू रंग चित्रातच भरावा.

जो भाग एकदाच दाखवायचा असतो, त्याची चित्रे मात्र एकेक उघडून लगेच सोडून दिली जातात, म्हणून आरंभीच्या भागात थोडी मोकळीक घेता येते. आपल्या उदाहरणात पहिल्या भागात रिकाम्या गेरूवर आधी तारपावादक उमटेल, मग त्याच्याभोवती जोड्या येऊन वर्तुळ पूर्ण होईल, आणि या भागाची शेवटची फ्रेम फिरत्या भागाच्या शून्य अंशाच्या फ्रेमशी जुळेल. तिसऱ्या भागात त्याच शून्य अंशाच्या स्थितीपासून वर्तुळ १५ फ्रेममध्ये मावळेल.

आकृत्या इंकस्केपमध्ये काढून त्या फिरवण्याचे काम एखाद्या छोट्या पायथन स्क्रिप्टकडे सोपवता येते. ज्यांच्याकडे तयार व्हिडिओ आहे, त्यांनी एफएफएमपेगने त्याच्या फ्रेम काढाव्यात. दोन्ही बाबतींत फाइलींची नावे ००००, ०००१, ०००२ अशी पुढे शून्ये लावून समान लांबीची ठेवावीत. प्रोग्राम चित्रे झिपमध्ये ज्या क्रमाने असतील, त्याच क्रमाने दाखवतो, आणि झिप करणारी साधने बहुधा नावांच्या क्रमाने फाइली घेतात. नावात शून्ये नसतील, तर १ नंतर १० येतो आणि नाच विस्कटतो.

मजकूर फाइल

चित्रांचे तीन फोल्डर करावेत: पार्ट०, पार्ट१ आणि पार्ट२. त्यांच्या शेजारी ‘डेस्क.टीएक्सटी’ नावाची फाइल असावी. तिची पहिली ओळ रुंदी, उंची आणि सेकंदाला किती फ्रेम हे सांगते. आपल्यासाठी ती ‘७२० ७२० ३०’ अशी होईल. त्यानंतर प्रत्येक भागासाठी एक ओळ लिहायची: भागाचा प्रकार, किती वेळा दाखवायचा, संपल्यावर किती फ्रेम थांबायचे, फोल्डरचे नाव आणि शेवटी हॅश चिन्हासह सहा अंकी रंग. गेरूसाठी ७०३८२० हा रंग चांगला दिसतो. त्यानुसार तीन ओळी अशा:

सी १ ० पार्ट० #७०३८२०
सी ० ० पार्ट१ #७०३८२०
सी १ ० पार्ट२ #७०३८२०

दुसऱ्या ओळीतील संख्येच्या जागी असलेल्या शून्याचा अर्थ, फोन सुरू होईपर्यंत हा भाग फिरवत राहावे, असा आहे. प्रकाराचे अक्षर मात्र विचारपूर्वक निवडावे. बहुतेक ठिकाणी फिरत्या भागासाठी ‘पी’ सुचवलेले असते. ‘पी’ प्रकारचा भाग फोन सुरू झाल्याचा इशारा मिळताच, ज्या फ्रेमवर असेल, तेथेच तुटतो. तारपा नाच १७ अंशांवर असताना तुटला आणि तिसरा भाग शून्य अंशापासून सुरू झाला, तर आकृत्या उडी मारल्यासारख्या दिसतील. ‘सी’ प्रकारचा भाग मात्र चालू फेरी पूर्ण करूनच थांबतो, आणि म्हणून शेवटच्या भागाशी त्याचा सांधा अचूक जुळतो. याची किंमत जास्तीत जास्त एका फेरीएवढी, म्हणजे येथे एका सेकंदाची आहे. फेरी आठ-दहा सेकंदांची असती, तर मी ‘सी’ सुचवले नसते, कारण ॲनिमेशन संपेपर्यंत अँड्रॉइड कुलूपपडदा दाखवण्यासाठी वाट पाहत राहते. समारोपाचा भाग अर्ध्या सेकंदाचा ठेवण्याचे कारणही हेच.

प्रत्येक भागाच्या फोल्डरात ‘ऑडिओ.डब्ल्यूएव्ही’ ठेवून आवाज देण्याची सोय या स्वरूपात आहे. ती वापरू नये, असे माझे मत आहे. रात्री किंवा एखाद्या सभेत फोन पुन्हा सुरू करावा लागला, तर तो आवाज कोणालाच नको असतो.

ही फाइल साध्या मजकूर संपादकात, युनिक्स पद्धतीच्या ओळींसह आणि बीओएम (फाइलच्या सुरुवातीला काही संपादक लावतात ते अदृश्य चिन्ह) न लावता जतन करावी. सुरुवातीला बीओएमचे अदृश्य बाइट आले, तर पहिल्या ओळीतील रुंदी-उंची वाचताच येत नाही. शेवटच्या ओळीनंतरही एन्टर दाबलेले असले पाहिजे. प्रोग्राम ओळीचा शेवट ओळबदलाच्या चिन्हावरून ओळखतो. ते चिन्ह नसेल, तर ती संपूर्ण ओळ वगळली जाते. शेवटचा भाग दिसतच नसेल, तर प्रथम हेच तपासावे.

झिप बांधणे

सर्वाधिक चुका येथे होतात. झिपमधील प्रत्येक फाइल कॉम्प्रेस न करता, नुसती साठवलेली असली पाहिजे; कॉम्प्रेस केलेली फ्रेम प्रोग्राम वाचत नाही. विंडोजमध्ये उजवे बटण दाबून जी झिप तयार होते, ती कॉम्प्रेस केलेली असते, म्हणून ती चालत नाही. सेव्हन-झिपमध्ये कॉम्प्रेशनची पातळी ‘स्टोअर’ निवडावी. लिनक्स किंवा मॅकवर झिप कमांडला शून्य पातळीचा पर्याय द्यावा. तसेच, बाहेरचे फोल्डर निवडून झिप करू नये. त्या फोल्डरच्या आत जाऊन मजकूर फाइल आणि तिन्ही भाग निवडावेत, कारण झिप उघडताच डेस्क फाइल पहिल्याच पातळीवर दिसली पाहिजे. मॅक आणि विंडोज फोल्डरांमध्ये स्वतःच्या लपलेल्या फाइली टाकतात. मजकूर व ऑडिओच्या ठरलेल्या फाइली सोडल्या, तर भागाच्या फोल्डरातील प्रत्येक फाइल चित्रच आहे, असे प्रोग्राम समजतो, म्हणून त्या आधी काढून टाकाव्यात.

कायम बसवण्याआधी चाचणी

फोन पुन्हा पुन्हा बंद-चालू करून पाहण्याची गरज नाही. झिप एडीबीने डेटा पार्टिशनमधील लोकल-टेम्प फोल्डरात पाठवावी, तिला ६४४ परवानग्या द्याव्यात आणि ‘सीएचकॉन’ कमांडने ‘सिस्टिम_फाइल’ हे एसईलिनक्स या सुरक्षाव्यवस्थेचे लेबल लावावे. हे लेबल नसेल, तर फाइल जागेवर असूनही ॲनिमेशनच्या प्रक्रियेला ती वाचण्याची मुभा मिळत नाही. नंतर ‘एसयू -एमएम’ने, म्हणजे सर्व प्रक्रियांना दिसेल अशा माउंट अवकाशात रूट होऊन, आपली फाइल मूळ झिपवर बाइंड माउंट करावी, म्हणजे मूळ झिपच्या जागी आपली फाइल दिसेल अशी मांडावी. मूळ फाइलला याने धक्का लागत नाही, आणि फोन पुन्हा सुरू केला की हा माउंट आपोआप नाहीसा होतो.

आता सेटप्रॉप कमांडने ‘सर्व्हिस.बूटॲनिम.एक्झिट’ची किंमत शून्य करावी आणि ‘सीटीएल.स्टार्ट’ला ‘बूटॲनिम’ ही किंमत द्यावी. ॲनिमेशन चालू फोनवरच सर्वांत वरच्या थरात दिसू लागते. ते थांबवण्यासाठी ‘सर्व्हिस.बूटॲनिम.एक्झिट’ची किंमत एक करावी. तसे करताच फेरी पूर्ण होऊन समारोपाचा भाग दिसला पाहिजे. या सर्व काळात यूएसबी केबल जोडलेली असणे आवश्यक आहे, कारण पडदा झाकलेला असल्याने फोनवरून काहीच करता येत नाही. काही बिनसल्यास लॉगकॅट या फोनच्या नोंदवहीमध्ये ‘बूटॲनिमेशन’ या टॅगखालील नोंदी पाहाव्यात.

पहिली फेरी मंद आणि नंतरच्या फेऱ्या सुरळीत वाटल्या, तर त्याचा अर्थ असा की पहिल्या वेळी चित्रे उघडण्यास फ्रेमच्या ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ लागत आहे. अशा वेळी फ्रेमचा आकार कमी करावा, किंवा पीएनजीचे रंग मर्यादित करावेत. गती ६० फ्रेमवर नेण्याचा मोह मात्र टाळावा.

मॅजिस्क मॉड्यूल

जुन्या फोनवर सिस्टिम पार्टिशन लिहिण्यायोग्य करून फाइल थेट बदलत असत. आजच्या फोनवर ती पार्टिशने केवळ वाचनासाठी असतात, त्यांची पडताळणी होते, आणि बदल करणे शक्य झाले, तरी पुढचे अपडेट अडते. मॅजिस्क मूळ पार्टिशनला स्पर्श न करता, बूट होताना आपली फाइल त्यावर मांडते. म्हणून हाच मार्ग घ्यावा.

मॉड्यूल म्हणजे मॅजिस्कमध्ये बसवायची जोडणी. तिच्या फोल्डरात तीन गोष्टी लागतात. ‘मॉड्यूल.प्रॉप’ या फाइलमध्ये आयडी, नाव, आवृत्ती, आवृत्तीचा क्रमांक, कर्ता आणि वर्णन अशा सहा ओळी लिहाव्यात. आयडीमध्ये मोकळी जागा नसावी. ‘मेटा-आयएनएफ’ (हे नाव मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावे) या फोल्डरच्या आत कॉम, गूगल, अँड्रॉइड अशी फोल्डरांची साखळी करून तिच्यात मॅजिस्कच्या अधिकृत स्रोतसंहितेतील मॉड्यूल इन्स्टॉलर स्क्रिप्ट ‘अपडेट-बायनरी’ या नावाने आणि ‘#मॅजिस्क’ एवढाच मजकूर मोठ्या इंग्रजी अक्षरांत असलेली ‘अपडेटर-स्क्रिप्ट’ ठेवावी. तिसरी गोष्ट म्हणजे सिस्टिम फोल्डर. मूळ फाइल प्रॉडक्ट पार्टिशनमध्ये असेल, तर आपली झिप सिस्टिमच्या आत प्रॉडक्ट आणि त्याच्या आत मीडिया या ठिकाणी, दोन्ही नावांनी ठेवावी. हे सर्व एका बाहेरच्या झिपमध्ये बांधून मॅजिस्क ॲपच्या मॉड्यूल विभागातून बसवावे. बाहेरची झिप कॉम्प्रेस केलेली चालते, आतली चालत नाही. ॲपमधून बसवल्याने परवानग्या आणि लेबले आपोआप लागतात.

सदोष ॲनिमेशनमुळे फोन सहसा अडकत नाही, कारण ती स्वतंत्र प्रक्रिया आहे. फार तर पडदा काळा राहतो आणि थोड्या वेळाने कुलूपपडदा येतो. तरीही सुरुवात पूर्ण झालीच नाही, तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करावा. तसे केल्यावर मॅजिस्क सर्व मॉड्यूल बंद करते. बहुतेक फोनवर त्यासाठी सुरू होताना आवाज कमी करण्याचे बटण दाबून धरावे लागते. एडीबी उपलब्ध असल्यास मॅजिस्कची ‘रिमूव्ह-मॉड्यूल्स’ ही सूचनाही वापरता येते, मात्र ती इतर सर्व मॉड्यूलही काढून टाकते.

सिस्टिम अपडेटनंतर रूट टिकवले असेल, तर मॉड्यूलही टिकते, कारण ते डेटा पार्टिशनमध्ये असते. अपडेटनंतर जुने ॲनिमेशन परत दिसू लागले, तर मूळ झिपची जागा बदलली आहे का, हे पुन्हा शोधावे आणि मॉड्यूलमधील फोल्डर त्यानुसार हलवावा. याच स्वरूपाची ‘शटडाउनॲनिमेशन.झिप’ फोन बंद होतानाच्या चित्रासाठी वापरता येते. मात्र तिचा आधार सर्व उत्पादक देत नाहीत, म्हणून ती तयार करण्यापूर्वी तुमच्या फोनमध्ये त्या नावाची फाइल आहे का, ते पाहून घ्यावे.